दोन कॉमांच्या मधली जागा

अरे, कोडवरून आठवलं. पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात दरसाल आमच्या घरची पंगत असते. कोण काय आणणार याचा घोळ नको, म्हणून मी पुण्यात बसून एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. बाबांनी कॉमा देऊन सगळ्यांची नावं पाठवायची, स्क्रिप्ट ती तोडून एकेका नावाचं व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा नाव लावलेला डबा, बनवणार. पहिल्याच झटक्याला एरर! एका ठिकाणी दोन कॉमा, मधे काहीच नाही.

वैतागून फोन लावला. "बाबा, बिननावाचं व्हेरिएबल कसं बनंल?"

"तुझी जागा हाय ती. दरसाल ऐन टायमाला येत न्हाई म्हणतोस, मग लिहिलेलं नाव खोडताना लय जिवावर येतंय."

रिकामी जागा वगळायला कोडची एक ओळ पुरते, गड्यांनो. ती अजून माझ्याच्यानं लिहवत नाही.