पामच्या कोंबावरची रेघ

दाढ काढून घ्यायला आलेला शिंपी दवाखान्यात गाल धरून बसला होता. कोपऱ्यातल्या सुकलेल्या पामपाशी माळीकाका आणि नंबर लावणाऱ्या ताई वाकले होते.

"काका, डॉक्टरांनी दिलेला आठवडा आज संपला. आता फेकणार म्हणतात. मी आणि हा पाम एकाच दिवशी लागलो हो इथे."

"माती परत ओली? कोण घालतं पाणी?"

"सगळेच. ग्लासात उरलं की पेशंट ह्यातच ओततात."

"म्हणजे हा तहानेनं नाही, पाहुणचारानं मरतोय. सोमवारी कुजकी मुळं कापली मी. आता पामचा सगळा जीव ह्या मधल्या मिटलेल्या कोंबात. हळूच ओढा. हातात आला, तर गेला."

"तुम्हीच ओढा."

"दात उपटणाऱ्यांकडे नोकरी करता आणि घाबरता?"

ताईंनी डोळे मिटून कोंब ओढला. शिंप्याने गालावरचा हात काढला.

"नाही आला, काका! घट्ट आहे!"

"आता हे बघा. सोमवारी कोंबावर आणि शेजारच्या देठावर मिळून एकच सरळ रेघ मारली होती पेनानं."

"कोंबावरची वर गेलीय... दोन बोटं!"

"आपण मेला मेला म्हणत होतो, आणि हा गुपचूप चढत होता."

डॉक्टर बाहेर आले, चष्मा कपाळावर चढवून रेघेपाशी वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"राहू दे इथेच," ते हळूच म्हणाले. "पुढचं कोण?"

"मी," शिंपी म्हणाला. "पण डॉक्टर, मलाही एक आठवडा द्या. दाढेवर रेघ मारून ठेवा."