चाळीस घोड्यांचा मचवा

नारू : वहिनी, डोकं खाली घे! बंदरावर अख्खी धाकटी डहाणू उभी आहे.

वेणू : माझं डोकं खालीच आहे. तुझं वर गेलंय ते सांभाळ. शिडाखाली जीव घुसमटतोय, आणि तुझं हे इंजिन कानाशी भट्टी पेटवून बसलंय.

काळू : हट्ट तूच केलास, पोरी. नव्या मचव्याची पहिली फेरी मालकानं करायची, ते कबूल. इंजिन नवं म्हणजे मचवा नवा, तेही कबूल. पण मालक पांढऱ्या कपाळाची बाई असली तर काय करायचं, ते आपल्यात कुणी सांगून ठेवलेलं नाही.

वेणू : सांगून ठेवलेलं नाही ना? मग तुम्ही ठरवलंत. दमणच्या दारूचा डबा लपवतात तशी मला लपवलीत. मचवा माझ्या नावाचा, आणि चोर पण मीच.

काळू : तुझी सावली पडली म्हणाले असते, तर एक खलाशी आला नसता.

वेणू : माझ्या टोपलीतले बोंबील खाताना सावली आडवी येत नाही कुणाला!

नारू : भांडण नंतर करा! बाबल्याचा मचवा बघ, काका, मुद्दाम शेजारून काढलाय. आज त्याच्या मागे राहिलो, तर काठावर बघत उभे असलेले आपले खलाशी उद्या त्याच्याकडे. पांड्या तर आताच तिकडे बघून हसत होता.

काळू : हसू दे. पांड्या स्वतःच्या लग्नातही हसत होता.

नारू : मी सांगतो तुला, काका, हे इंजिन नाही, वाघ आहे! तलासरीला लॉरी उलटली होती, तिच्या पोटातला. जुनं दहा घोड्यांचं, हे चाळीसचं. त्यात मी पंपाचं सील फोडून पेच उघडलाय. डिझेल जास्त, जोर जास्त. एकदम फुल्ल!

काळू : सील काय शोभेला लावतात?

नारू : लावणारे भित्रे असतात. भायखळ्याच्या गॅरेजात मी असल्या किती लॉऱ्यांचे पेच उघडले. घाट चढताना ड्रायव्हर हात जोडायचे मला.

काळू : जोडायचेच. समोर दरी असायची.

वेणू : काका, इंजिनाला नाव ठेवू नका. ते मी मागितलंय. माझा नवरा, तुमचा पुतण्या, पोट धरून याच खाडीच्या तोंडाशी गेला, विसरलात? वारा पडलेला, ओहोटी लागलेली, आणि ते दहा घोडे जागच्या जागी नाचत होते. घरचे दिवे दिसत होते म्हणे.

काळू : दिसत होते. सगळे दिसत होते.

वेणू : म्हणून आणलंय. बाबल्याशी शर्यत लावायला नाही. ऐकतोस ना, नारू?

नारू : वहिनी, शर्यत नाही जिंकली तर गणूदादाचा मचवा वाळूत कुजेल. खलाशी नाहीत तर मचवा कसला? सरपण! काका, सुकाणू सरळ धर. मी इंजिनाचा दांडा ओढतो.

काळू : धरलंय.

नारू : हां! बघ! बघ बाबल्याचं तोंड! धूर खा, बाबल्या, धूर खा!

वेणू : नारू.

नारू : मागे पडला! काका, मागे पडला तो!

वेणू : नारू, माझं लुगडं भिजलंय.

नारू : लाट उडाली असेल.

वेणू : लाट वरून येते. हे खालून आलंय.

नारू : पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याशी थोडं पाणी गळतंच, वहिनी. सगळ्या मचव्यांत गळतं.

वेणू : माझ्या हातात कापूस आलाय. फळ्यांच्या फटीतला. ओढला नाही मी, आपोआप सुटून आला. इथून, आणि... थांब. इथूनही. फळी हाताखाली थरथरतेय, ताप चढलेल्या माणसासारखी.

नारू : काय सांगतेस?

वेणू : सरळ सांगते. मचवा उसवतोय! कमी कर!

नारू : आता? बाबल्यासमोर? अख्खं बंदर बघतंय, वहिनी, जरा दम धर, वळसा घालून...

वेणू : वळसा समुद्राच्या तळाला घालणार आहेस का? काका, तुम्ही गप्प का? अहो काका! पावसाळाभर हा छपराखाली सुकत पडला होता. खाडीत भिजत कधी ठेवला?

नारू : भिजत म्हणजे? काल ओढून उतरवला ना पाण्यात.

वेणू : काल! दरवर्षी पाण्यात बुडवून ठेवतात रे, आठवडाभर. लाकूड फुगतं, फटी मिटतात, मग समुद्रात न्यायचा. तू लोखंडात वाढलास, तुला कोण सांगणार? पण यांना तर ठाऊक होतं. काका, तुम्ही किती मचवे भिजवलेत जन्मात?

काळू : मला कुणी विचारलं?

वेणू : काय म्हणालात?

काळू : विचारलं का कुणी? लॉरी आली, साखळ्या आल्या, नारूशेठ आले. काळूकाकाला म्हणाले, जरा बाजूला हो. झालो बाजूला. म्हटलं, एकदा तोंडावर पडू दे. मग येईल विचारायला.

नारू : काका! मचवा बुडेल ना!

काळू : किनाऱ्याजवळच गळेल वाटलं होतं. तू एवढ्या लांब पळवशील, हे कुठं माहीत होतं?

वेणू : आणि मी? मला या तळाशी कोंबलीत, तेव्हा तरी तोंड उघडायचं!

(काळू सुकाणूवरचा हात बदलतो.)

काळू : तोंड उघडेपर्यंत बंदर भरलं. मग सगळे बघत होते.

वेणू : बघत होते! याच्या लाजेला बंदर बघतंय, तुमच्या अहंकाराला बंदर बघतंय, आणि मरायला शिडाखाली मी! जळो ते बघणं. काढा हे शीड. मी उभी राहतेय.

नारू : वहिनी, नको, बाबल्याची माणसं...

वेणू : बाबल्याला राम राम सांग माझा. काका, मचवा बंदराकडे वळवा. नारू, आता इंजिन कमी कर. अजून. अजून कमी.

काळू : एवढं कमी नको! ओहोटी लागलीय. खाडीच्या तोंडाशी ओढ आहे, मचवा खडकावर जाईल.

नारू : जास्त केलं तर उसवतो, कमी केलं तर खडक. मी काय करू? कितीवर ठेवू?

वेणू : थांबा दोघंही. मी फळीवर हात ठेवते. नारू, हळूहळू वाढव. माझ्याकडे बघ, बंदराकडे नको. वाढव... अजून... बस! थरथरली. जरा मागे घे. अजून केसभर. हां. इथं फळी शांत आहे. काका, पुढे सरकतोय का?

काळू : सरकतोय. गोगलगायीसारखा, पण सरकतोय.

वेणू : मग इथंच ठेव. इंजिनाच्या दांड्याला सुंभ बांध, हलायला नको, आणि बादली घे. पाणी उपस.

नारू : बाबल्याही वळला. पुढे गेला, वहिनी.

वेणू : जाऊ दे.

नारू : ते हसतायत.

वेणू : कोरड्या मचव्यात बसून हसायला काय लागतं? उपस. आणि घरी गेल्यावर तो पेच होता तिथं आण. चाळीस घोडे मला पुरेत. एक्केचाळिसावा तुझ्या डोक्यात होता.

नारू : सील फुटलंय ते.

वेणू : मग नवं लावून आण. आणि जुन्या इंजिनाच्या ओंडक्यांवर हे बसवलंस, ते ओंडके याला पुरत नाहीत, ते बदल. काकांना विचारून बदल. समोर बसून विचार, आणि काका, तुम्ही समोर बसून सांगा. नाही सांगितलंत, तर दुसरा तांडेल बघते.

काळू : दुसरा! या किनाऱ्यावर?

वेणू : नाही मिळाला तर स्वतः बसेन सुकाणूवर. आज बघितलंच आहे सगळ्यांनी.

नारू : पाणी कमी होतंय. वहिनी, कमी होतंय!

वेणू : बोलू नको, उपस.

काळू : बंदर आलं. नारू, बंद कर आता. वल्ह्यानं लावू.

नारू : अर्धे खलाशी निघून गेले. ते बघ, बाबल्याच्या मचव्याकडे चालले.

वेणू : गेले ते माझ्यामुळे, का पाण्यामुळे?

काळू : त्यांना तरी कुठं माहीत असेल.

नारू : पांड्या आहे अजून. पाण्यात उतरलाय, गुडघाभर. ओरडतोय काहीतरी.

काळू : विचारतोय, मचवा किती दिवस भिजत ठेवणार.

वेणू : सांगा त्याला, आठ दिवस. आणि विचारा, तोवर थांबतोस का?

काळू : तूच विचार. ते मालकानं विचारायचं असतं.