सतरा नंबर

अकरा वाजता रुग्णवाहिका केंद्रात नोकरीसाठी वजन उचलण्याची चाचणी सुरू झाली. रांगेत सोळा पुरुष, शेवटी एक बाई आणि तिच्या सोबतीला आलेली नणंद.

"वहिनी, साठ किलोचं पोतं आहे, भाजीची पिशवी नव्हे."

"व्यायामशाळेत सत्तर उचलते मी. वर्ष झालं."

"दादाला माहितीये?"

"त्यांचा पाय मुरगळला तेव्हा कळलं. पाठुंगळीला घेऊन दोन जिने चढले."

"दादाला? अगं बाई! काय म्हणाला?"

"अर्ध्यावर म्हणाले, उतरव, लोक बघतील. वर आल्यावर म्हणाले, कोणाला सांगू नकोस."

"आणि तू बँकेत एकटी जायला घाबरायचीस!"

"एवढा माणूस उचलला, मग अर्जाच्या कागदाला काय भ्यायचं?"

"दंड बघू तुझा. बाप रे!"

"सतरा नंबर!" आतून हाक आली.

अकरा चाळीसला वहिनी आत गेली आणि दार बंद झालं. अकरा पन्नासपर्यंत दार उघडलं नव्हतं आणि नणंद खाली बसली नव्हती.