टीव्ही थंड करायची वेळ

कुठली मालिका बघावी, कुठला माहितीपट, हे तुम्ही खुशाल सांगा. मला विचारू नका. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात विकास सोसायटीचा एकच टीव्ही होता अन् त्याची किल्ली माझ्याकडं. मालिकेआधी माहितीपट लागला, की सेट तापू नये म्हणून मी तो बंद ठेवायचो.

एकदा दुष्काळावरचा माहितीपट सुरू झाला. केरबाआबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की रं. आपल्या तलावाच्या कामावर फोटूवाले आले व्हते."

मी म्हणालो, "आबा, दुष्काळ टीव्हीत कशाला बघता? दारात उभं ऱ्हावा, फुकट दिसतोय!"

सगळे खदखदून हसले. मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याला बदलून गेलेले आमचे मास्तर भेटले. "काल तुमचा तलाव दाखवला की! आबांच्या सरूबाई डोक्यावर मातीची पाटी घेऊन हसत चालल्या होत्या."

आबांची बायको जाऊन वर्ष झालं होतं. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

मी आबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "पुन्ना कवा लावतेत?"

पुन्हा कधीच लागला नाही. मीही नंतर एकही माहितीपट बंद केला नाही. समुद्रातल्या माशांचा असला, तरी आबा सगळ्यात पुढं बसून शेवटपर्यंत बघायचे.