दानाला दिलेली फ्रेम

आता दानाला चित्र मागायला कोणी आलं, तर मी त्याला चहासुद्धा विचारत न्हाई. मागच्या साली औंढ्यात लेकरांच्या ऑपरेशनसाठी चित्रं विकायची टूम एका पुढाऱ्यानं काढली. सगळे त्याला भाऊ म्हणतात. नांदेडच्या प्रदर्शनासाठी महिनाभर खपून काढलेलं, कुरुंद्यात हळद शिजवणाऱ्या बायांचं चित्र मी उचलून दिलं, तेही सागवानी फ्रेमसकट.

विक्रीच्या दिवशी गेलो तर चित्र कुठंच न्हाई. फ्रेम मात्र दारातच दिसली. आत हात जोडलेला भाऊचा फोटो. हार तेवढा घालायचा राहिला होता.

"भाऊ, माझं चित्र?"

"अवो, ऐन टायमाला फोटोला फ्रेमच भेटली न्हाई. तुमची बराबर बसली."

"अन् चित्र?"

"फोटोच्या मागंच हाय की! फोटो पातळ, वाकून राहिला होता. तुमच्या जाड कागदानं ताठ झाला."

नांदेडच्या प्रदर्शनात माझ्या चित्राचा खिळा रिकामा, अन् इकडं माझ्या बाया ह्या बाबाच्या पाठीला टेकू! तसाच माघारी फिरलो.

तर मागून भाऊ ओरडला, "पेंटर, पुढच्या साली जरा मोठं चित्र द्या. मी फोटो मोठा करून राहिलो!"