झोपेतलं हसू

उत्तम : अवं, मायची आन! आताच हसली तू. झोपेत. दोनही बाजूनं.

शोभा : कायले फेकून राहिले?

उत्तम : ओठाची डावी कोर हलली ना! कानामागच्या गाठीचं आपरेशन होऊन साडेचार महिने झाले, पहिल्यांदा हलली.

(पांढुर्ण्यातली गच्ची, माघातलं दुपारचं ऊन, खालच्या बागेतून संत्र्याच्या फुलांचा वास. शोभा खाटेवर उठून बसते. न मिटणाऱ्या डाव्या डोळ्यावरची पट्टी ती काढत नाही; स्वप्न अजून तिला सोडत नाही. नवरा उत्तम, वीज खात्यातला लाइनमन, उशाशी बसला आहे.)

शोभा : सपनात मले दोनही कानानं ऐकू येत होतं, आपरेशनात गेलेल्या डाव्या बी. जाम नदी कोरडी ठण्ण, अन् रेतीत माह्या अंगणवाडीचे पोट्टे खिचडी खाऊन राहिले. कोणीच माह्या तोंडाकडे टकमक पाहत नव्हतं.

उत्तम : मंग हसू काऊन आलं?

शोभा : एक पोट्टी म्हणे, बाई, नदीले बी वाढा. वाढली मी. पळीभर.

उत्तम : तवाच हलला असन गाल!

शोभा : आता पाहा बरं. हलला?

उत्तम : आता... नाही.

शोभा : पाहा! तीस वर्षं साऱ्या गावाले 'अर्ध्या घंट्यात लाइन येते' सांगतलं, तसंच मले. सोमवारी सुपरवायझर सुनंदाबाईच्या हाती अंगणवाडीचा राजीनामा द्याचा हाय. आज खरं सांगा, नागपूरचा डॉक्टर काय म्हणे?

उत्तम : सांगतलं ना. गाठ काढल्यावर चेहऱ्याच्या नसेले बारीक करंट देऊन पाहिला. गाल हलला. म्हणजे नस शाबूत.

शोभा : पहिल्याच करंटले हलला?

उत्तम : नाही. तीनदा वाढवा लागला. मंग जरासा हलला. डॉक्टर म्हणे, कमी करंटले हलला असता तर छातीठोक सांगतलं असतं. आता हसू येईन बी, नाही बी येणार. वर्षभर वाट पाहा.

शोभा : अन् मले सांगतलं, शंभर टक्के!

उत्तम : तू आरसा पालथा घालून बसली होती, शोभे. माही हिंमतच झाली नाही.

शोभा : मंग आता हलला तं उठवलं काऊन नाही मले?

उत्तम : उठवलं तं थांबन, वाटलं. किती दिवसानं हसली होती तू. पाहतच राहिलो.

शोभा : तुमच्यावर भरोसा कसा ठेवू आता?

उत्तम : नको ठेवू. पण मी पाहिलं.

शोभा : सुनंदाबाईले फोन लावा. म्हणा, सोमवारपासून शोभा कामावर येऊन राहिली.

उत्तम : अन् पोट्टे भेले तं? परवा शेजारची लेक रडली तुले पाहून.

शोभा : भेतीन दोन दिवस. पण ज्या दिवशी गाल हलन ना, साऱ्यायच्या आधी तेच ओरडतीन. त्यायले खोटं बोलता येत नाही.