एका हातानं उघडणारा

राजुऱ्याच्या बाजारात सरिता विळ्याला धार लावून घ्यायला थांबली होती. पुढं एक म्हातारी धारवाल्याकडचे घडीचे चाकू एकेक करून उघडून पाहत होती. तिचं काही मनासारखं होईना. सरिताला घरी जायची घाई.

"हा घे, बाई. पातं मजबूत हाय."

"याले दोन हात लागते, भाऊ. मले एका हातानं उघडणारा पाह्यजे."

"काऊन? सांभाराची जुडी, वांगेच कापशीन ना?"

"मोहफुलं वेचाले जंगलात जातो आमी. रोज कमरेले असते चाकू."

"वाघाले चाकूनं काय होते, बाई?"

"नाव नको घेऊ त्याचं."

"बरं, नाई घेत."

"मागल्या साली माह्या सुनेले त्यानं पायाले धरलं. मी तिचा हात धरून होती. घट्ट."

"अन् चाकू?"

"होता ना कमरेले. असाच, घडीचा. दुसऱ्या हातानं काढला. दातानं उघडून पाह्यला."

"उघडला?"

"नाई."

"मंग?"

"मंग दोन्ही हातानं उघडला."